पाळीव बेडूक हातात घ्यावा का, आणि घ्यावाच लागला तर कसा?

लोकमान्य नगर

नमस्कार. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. माझा भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना आपला चार वर्षांचा बेडूक काचपेटीसह आमच्या स्वाधीन करून गेला. पावसाळ्यात आपल्या अंगणात येणारा हा बेडूक नाही; ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा हिरवा झाडबेडूक आहे, ज्याला पाळणारी मंडळी व्हाइट्स ट्री फ्रॉग म्हणतात. अंगाने गुबगुबीत, रंगाने फिकट हिरवा आणि स्वभावाने इतका स्वस्थ की माझ्या 11 वर्षांच्या मुलीने पहिल्याच दिवशी त्याचे नाव 'दुधी' ठेवले, आणि आता घरात सगळे त्याला त्याच नावाने ओळखतात.

दुधीला हात लावावा की नाही, याबद्दल आमच्या घरात तीन मते आहेत. भाचा फोनवर सांगतो की त्याला हातावर बसायची सवय आहे, तेव्हा खुशाल घ्या. सासूबाईंचे म्हणणे असे की बेडकाला हात लावला की चामखीळ येते, म्हणून मुलीने त्याच्या जवळपासही जाऊ नये. मुलीला मात्र तो रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर तळहातावर हवा असतो. मी स्वतः आजवर बेडूक फक्त मोरीत पाहिलेला आहे, आणि तोही लांबून.

मागच्या रविवारी पेटी साफ करताना मी त्याला दोन्ही हातांनी उचलले. त्याने आधी माझ्या हातावर लघवी केली, मी दचकले, पकड सुटली आणि तो कोटा फरशीवर उडी मारून दिसेनासा झाला. 40 मिनिटांनी तो फ्रिजखाली सापडला, तेव्हा त्याच्या अंगाला धूळ, केस आणि शेवेचा चुरा असे सगळे चिकटलेले होते. मी त्याला ओल्या फडक्याने पुसून पेटीत ठेवले. आता तो बरा दिसतो आणि खातोही आहे, पण पुढच्या रविवारी पेटी पुन्हा साफ करायची आहे आणि मला धीर होत नाही. त्याला मुळात हातात घ्यावे का, घ्यायचे तर हात साबणाने धुऊन की न धुता, आणि सासूबाईंना काय सांगावे, हे जाणकारांनी कृपया लिहावे.

शंकासुर

ताई, घरात शोभेचा मासा असता तर आपण त्याला रोज संध्याकाळी बाहेर काढून तळहातावर ठेवले असते का? बेडूक हा पाहण्याचा प्राणी आहे. भाच्याला त्याची सवय झाली असेल, पण बेडकाला भाच्याची सवय झाली असे समजायला आधार काय आहे, हे कोणी सांगितले तर मी ऐकायला तयार आहे.

ओली माती

मी सुदामा नगरात राहतो आणि याच जातीचे तीन बेडूक नऊ वर्षांपासून सांभाळतो आहे. शंकासुरांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. रोज हातावर घेण्याची गरज बेडकाला नसते. पण कधीच हात लावायचा नाही, हेही जमणारे नाही, कारण पेटी धुवावी लागते, पायाची बोटे तपासावी लागतात, कधी डॉक्टरांकडे न्यावे लागते, आणि ज्याने आयुष्यात एकदाही बेडूक धरलेला नाही त्याच्या हातून अशा वेळी तुमच्या रविवारसारखाच प्रकार होतो.

आधी हातांबद्दल लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका तेथे होतात. बेडकाची कातडी आपल्यासारखी कोरडी आणि बंद नसते. तो तिच्यातून श्वास घेतो आणि पाणीही तिच्यातूनच पितो. तोंडाने पाणी पिणारा बेडूक तुम्हाला दिसणार नाही. तो पाण्यात बसतो आणि पोटाखालच्या, मांड्यांजवळच्या पातळ कातडीने पाणी आत ओढून घेतो. म्हणजे तळहातावर बसलेल्या बेडकाचा नेमका तोच भाग तुमच्या हाताला टेकलेला असतो. आता त्या हाताला काय काय लागलेले असते, याचा विचार करावा. आपल्या शहरात दिवसातून एकदा तरी शेवेत हात गेल्याशिवाय राहत नाही. त्यातले मीठ, तिखट आणि तेल बोटांवर राहते. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, अत्तर, सॅनिटायझर आणि डासांपासून बचावासाठी लावलेले मलम, यांतले काहीही बेडकापर्यंत पोहोचता कामा नये.

साबणाचे उत्तर असे की साबण लावायला हरकत नाही, पण तो सुगंधी नसावा आणि हात इतके धुवावेत की बुळबुळीतपणाचा लवलेशही उरू नये. मी तर बेडूक धरायच्या आधी सकाळपासूनच हाताला काही लावत नाही आणि फक्त भरपूर पाण्याने धुतो. शेवटचा हात क्लोरीन उडून गेलेल्या पाण्याने फिरवतो आणि तो पुसत नाही, कारण कोरडा हात बेडकाच्या अंगावरचा ओला थर ओरबाडून काढतो. तुम्ही त्याला फडक्याने पुसले ते याच कारणाने चुकले. अंगाला धूळ लागलेला बेडूक कधीही पुसू नये; उथळ डब्यात त्याच्या हनुवटीच्या खाली राहील इतकेच पाणी घेऊन त्यात त्याला 15-20 मिनिटे बसवावे आणि वरून ओंजळीने हळू पाणी सोडावे. धूळ आपोआप सुटते. जास्त खोल पाणी घेऊ नये, कारण हा झाडावरचा जीव आहे आणि पोहण्यात त्याची फारशी गती नसते.

आपल्याकडे नर्मदेचे पाणी जलूदहून शुद्ध होऊन येते आणि त्यात क्लोरीन असतेच. रुंद तोंडाच्या बादलीत ते 24 तास उघडे ठेवले की क्लोरीन उडून जाते. गच्चीवरच्या बंद टाकीतले पाणी शिळे असते म्हणून चालेल, असा समज करून घेऊ नये. झाकणाखाली क्लोरीन तितक्या सहज उडत नाही. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात.

राहिला धरण्याचा प्रश्न. बेडूक वरून झडप घालून पकडू नये, कारण त्याच्या दृष्टीने वरून येणारी प्रत्येक गोष्ट ही पक्षी किंवा साप असते. एक ओला हात त्याच्या पुढे सपाट ठेवावा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मागून, ढुंगणाजवळ, अगदी हलका स्पर्श करावा. बहुतेक वेळा तो स्वतःच पुढे सरकून हातावर येतो. काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नये. त्याच्या बोटांच्या टोकांना चकत्या असतात, त्या आधी एकेक सुटू द्याव्यात. हातावर आल्यावर दुसऱ्या हाताची सैल ओंजळ वर धरावी आणि त्याचे मागचे पाय दुमडलेले राहतील असे पाहावे, कारण सगळी उडी त्या पायांत असते. पोट दाबू नये आणि एका पायाला धरून तर कधीही उचलू नये. हे सगळे जमिनीवर बसून करावे. उभ्याने धरलेला बेडूक चार फुटांवरून पडतो, बसून धरलेला अर्ध्या फुटावरून. तुमच्या कोटा फरशीने हे तुम्हाला शिकवलेच आहे.

आणि खरे सांगायचे तर पेटी साफ करण्यासाठी मी गेल्या पाच वर्षांत बेडकाला हातात घेतलेलेच नाही. झाकणाला भोके पाडलेला प्लास्टिकचा डबा आत त्याच्यासमोर आडवा धरतो, मागून बोट लावतो, तो डब्यात जातो, आणि मी झाकण लावतो. तळाशी ओला साधा टिश्यू असतो. तासभर तो तेथे निवांत बसतो.

महूचा पशुवैद्य

मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि आता निवृत्त आहे. आयुष्य गाई-म्हशींत गेले, बेडूक रुग्ण म्हणून फार थोडे आले. तरी जे आले त्यांच्यावरून आणि अभ्यासावरून लिहितो.

बेडकाची कातडी किती उघडी असते हे समजण्यासाठी एकच गोष्ट पुरेशी आहे. बेडकाला बेशुद्ध करायचे असेल तर सुई टोचावी लागत नाही. भुलीचे औषध मिसळलेल्या पाण्यात त्याला बसवले की तो काही मिनिटांत झोपतो. जंतनाशकाचा मोजून घेतलेला थेंब त्याच्या पाठीवर सोडतात आणि तो आतपर्यंत पोहोचतो. जे औषधाला लागू आहे तेच तुमच्या हातावरच्या मलमालाही लागू आहे, फक्त मलमाची मात्रा कोणी मोजलेली नसते.

दुसरी गोष्ट उष्णतेची आहे आणि ती सहसा कोणी लक्षात घेत नाही. या जातीच्या बेडकाला दिवसा साधारण 24 ते 29 अंश तापमान मानवते. आपल्या तळहाताची कातडी 32 ते 34 अंशांच्या आसपास असते. म्हणजे आपल्याला जो स्पर्श प्रेमळ वाटतो तो त्याला तापलेल्या फरशीसारखा असतो, आणि शरीराची स्वतःची उष्णता नसल्यामुळे तो तितक्याच वेगाने तापत जातो. म्हणून धरायचे ते मिनिट-दोन मिनिटे, आणि हात थंड पाण्याने ओला करून. मे महिन्यात, पारा 42 च्या वर असताना आणि वीज गेलेली असताना, बेडूक कौतुकासाठी बाहेर काढणाऱ्याला मी तरी माफ करणार नाही.

तिसरी गोष्ट लघवीची. उचलल्यावर त्याने लघवी केली म्हणून आपण दचकलात, पण ते मुख्यतः पाणी असते आणि त्याने ते मूत्राशयात राखून ठेवलेले असते. कोरड्या दिवसांत हीच त्याची शिल्लक असते. प्रत्येक वेळी घाबरवून ती रिकामी करायला लावली तर उन्हाळ्यात त्याचा फटका बसतो. उचलल्यानंतर त्याला लगेच पाण्याचे भांडे मिळाले पाहिजे.

आता माणसांकडे वळतो. उभयचर प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला हा जंतू असू शकतो आणि प्राणी दिसायला पूर्ण निरोगी असतो. 2008 ते 2011 या काळात अमेरिकेत पाळीव आफ्रिकन ड्वार्फ बेडकांमुळे साल्मोनेलाची साथ पसरली होती; रुग्णांत बहुतेक लहान मुले होती, आणि अनेकांना त्याची लागण बेडकाला हात न लावता केवळ त्याच्या टाकीतल्या पाण्यामुळे झालेली असू शकते असे तपासात दिसले. म्हणून बेडूक धरल्यानंतर साबणाने हात धुणे हे धरण्याआधी धुण्याइतकेच आवश्यक आहे, आणि त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर उभयचर प्राणी पाळूच नयेत, असा तेथील आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे आणि मला तो पटतो.

लोकमान्य नगर

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल आभारी आहे. फडक्याने पुसल्याचे वाचून वाईट वाटले. काही शंका आहेत. दिवाळीत नणंदेची दोन वर्षांची मुलगी आठ दिवस येणार आहे, तेव्हा काय करावे? हातमोजे घालून धरले तर साबणाचा सगळा प्रश्न सुटेल का? आमच्याकडे आरओचे पाणी आहे, तेच वापरले तर चालेल का? आणि चामखिळीचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही; सासूबाई वाट पाहत आहेत.

महूचा पशुवैद्य

हातमोजे चालतील, मात्र पावडर नसलेले हवेत, नायट्राइलचे असल्यास उत्तम, आणि घातल्यावर ते बाहेरून पाण्याने खळखळून धुवून ओलेच वापरावेत. रबरी लॅटेक्सचे टाळावेत. दुसरा बेडूक असेल तर त्याच्यासाठी नवी जोडी घ्यावी. आरओचे पाणी हात ओले करण्यासाठी ठीक आहे. पण त्याच्या बसण्याच्या भांड्यात रोज तेच ठेवू नये, कारण त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि त्यात बसून बेडकाच्या अंगातले क्षार बाहेर जाऊ लागतात. नणंदबाईंची मुलगी येईल तेव्हा पेटी बंद खोलीत, उंचावर ठेवावी आणि तिला काचेतूनही एकटीला पाहू देऊ नये.

जुनी प्रयोगशाळा

चामखिळीचे उत्तर मी देतो, कारण हा प्रश्न मला पहिल्यांदा माझ्या आईने विचारला होता. मी होळकर विज्ञान महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकलो. त्या काळी प्रात्यक्षिकाला बेडूक असायचा. पुस्तकात त्याला राना टायग्रिना म्हणत, आज त्याचेच नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस झाले आहे. वर्षानुवर्षे आम्ही उघड्या हातांनी बेडूक हाताळले आणि आमच्या वर्गात त्यामुळे कोणालाही चामखीळ झाली नाही. चामखीळ माणसाच्या पॅपिलोमा विषाणूमुळे येते आणि ती माणसाकडून माणसाकडे जाते. समज कोठून आला असेल हे मात्र कळते. अंगणात येणारा खरखरीत, फोडांनी भरलेला जो प्राणी असतो तो भेक. त्याच्या पाठीवरचे फोड म्हणजे विषग्रंथी असतात, चामखिळी नव्हेत. डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी दिसतात, त्यांतून दाबल्यावर दुधासारखा द्रव येतो. तो हाताला लागून नंतर डोळ्यात गेला तर चांगलीच आग होते. म्हणजे सासूबाईंची सूचना चुकीच्या कारणासाठी असली तरी भेकाच्या बाबतीत पाळण्यासारखी आहे, हे त्यांना जरूर सांगावे; माझ्या आईचे समाधान एवढ्यावरच झाले होते.

कातडीच्या श्वासाबद्दल ओली माती यांनी लिहिले आहे त्यात थोडी भर घालतो. ऑगस्ट क्रोग या डॅनिश शास्त्रज्ञाने 1904 मध्ये बेडकाचा फुप्फुसातला आणि कातडीतला श्वास वेगवेगळा मोजून दाखवला. कार्बन डायऑक्साइड मुख्यतः कातडीवाटे बाहेर पडतो. आम्हाला हे शिकवले गेले होते, तरी प्रयोगशाळेत आम्ही तोच बेडूक क्लोरोफॉर्मचा वास लागलेल्या हातांनी धरत असू आणि त्यात काही विसंगत आहे असे कोणालाही वाटले नाही. त्या वेळी बेडकाचे आयुष्य तासाभराचे उरलेले असे, म्हणून वाटले नसावे. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राण्यांचे विच्छेदन थांबवण्याचा निर्णय घेतला तेव्हा मला दुःख झाले नाही.

शंकासुर

माझ्या मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. ओली माती म्हणतात की बेडूक डब्यात 'निवांत' बसतो; भाचा म्हणतो की त्याला 'सवय' आहे. संकटात सापडलेले अनेक प्राणी हालचाल थांबवून निपचित बसतात. हातावर शांत बसलेला बेडूक सुखात आहे की गोठून गेलेला आहे, हे आपण कशावरून ओळखता?

ओली माती

प्रश्न रास्त आहे आणि मी स्वतः पहिली दोन वर्षे याच चुकीत होतो. माझा सर्वांत जुना बेडूक हातावर अगदी दगडासारखा बसायचा आणि मी त्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचो. नंतर लक्षात आले की तो तेव्हा डोळे आत ओढून, पाय अंगाखाली घट्ट घेऊन बसलेला असे आणि त्याच्या गळ्याची धडधड वाढलेली असे. पेटीत परत ठेवल्यावर त्या रात्री तो खात नसे. आता मी या गोष्टी पाहतो: अंग फुगवणे, लघवी करणे, तोंड उघडून किंचाळणे, पुढचे पाय डोळ्यांवर घेणे, पाठीवर पांढरट चिकट द्रव येणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या रात्रीचे जेवण टाळणे. रंग तपकिरी पडणे हेही लक्षण सांगतात, पण केवळ रंगावर विसंबू नये, कारण थंडीत आणि अंधाऱ्या जागीही हे बेडूक तपकिरी होतात.

याच्या उलट, जो बेडूक हातावर आल्यावर इकडे तिकडे पाहतो, एक पाय पुढे टाकतो, मनगटावरून चालू लागतो, त्याला मी निदान घाबरलेला म्हणणार नाही. त्याला आनंद होतो असे मात्र मी कधीच म्हणणार नाही. तो हाताला झाडाची फांदी समजत असावा, आणि माझ्या मते एवढे नाते पुरेसे आहे.

महूचा पशुवैद्य

शंकासुरांचा मुद्दा मला मान्य आहे आणि ओली माती यांचे निरीक्षणही. सवय होते ती भीती कमी होण्याची; स्पर्शाची आवड निर्माण होते याला मी कोठे आधार पाहिलेला नाही. त्यामुळे हात लावण्याचे कारण प्रत्येक वेळी बेडकाच्या बाजूने असावे.

कान्हकाठ

पाळीव बेडकांचे मला काही कळत नाही, पण इंदूरमधल्या जंगली बेडकांबद्दल एक गोष्ट लिहावीशी वाटते, कारण मुले एकदा घरातल्या बेडकाला हात लावायला शिकली की बाहेरच्यालाही लावतात. पहिल्या मोठ्या पावसात भारतीय बुलफ्रॉगचे नर लिंबासारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतात. असा बेडूक दिसला की पोरांना राहवत नाही. तो पाहावा, उचलू नये. मोरीत किंवा बाथरूममध्ये येणारा बारीक अंगाचा झाडबेडूक आणि दाराशी येणारा भेक यांना बाहेर काढायचे झाले तर केराची सुपली आणि एक भांडे पुरते. कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि त्याच्या तोंडाला फेस आला तर त्याचे डोके खाली करून तोंड पाण्याने बाहेरच्या दिशेने धुवावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

पाऊस लांबला की आपल्या माळव्यात बेडकांचे लग्न लावतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण वरचे सगळे वाचल्यावर त्या जोडप्याला लागणारी हळद, कुंकू आणि गर्दीतून फिरणारे हात डोळ्यांसमोर आले. काही ठिकाणी मातीचे बेडूक करून हेच लग्न लावतात, ते मला अधिक बरे वाटते.

अनुसूची

कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो. कान्हकाठ यांनी लिहिलेला भारतीय बुलफ्रॉग घरात पाळता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण आहे, आणि बेडकांच्या पायांची निर्यात भारताने 1987 मध्येच बंद केलेली आहे. परदेशी जातींपैकी ज्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात येतात, उदाहरणार्थ रंगीबेरंगी डार्ट फ्रॉग, त्यांची नोंदणी 2022 च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली आणि तिचे नियम 2024 मध्ये आले. व्हाइट्स ट्री फ्रॉग त्या करारात नाही. तरीही भाच्याने तो कोठून घेतला याची पावती मागून ठेवावी.

बोटचावा

माझ्याकडे पॅकमॅन जातीचा बेडूक आहे, म्हणून एवढेच लिहितो की वरच्या सूचना सगळ्या जातींना जशाच्या तशा लावू नका. पॅकमॅन दिवसभर मातीत अर्धा पुरलेला बसतो आणि तोंडासमोर हलणारी प्रत्येक गोष्ट त्याला खाद्य वाटते. त्याच्या जबड्याला दातांसारखी टोके असतात आणि चावल्यावर तो सोडत नाही. माझे हे नाव त्यावरूनच आहे. त्याला मागून, कमरेशी धरून उचलावे लागते आणि खाद्य चिमट्यानेच द्यावे लागते. आफ्रिकन ड्वार्फ बेडूक तर पाण्याबाहेर काढूच नये; तो काही मिनिटांत सुकू लागतो, त्याला हलवायचे असेल तर पाण्यासकट भांड्यात घ्यावे.

सिरपूरचा शेजारी

ताई, इतका व्याप झेपत नसेल तर सरळ सिरपूर तलावावर नेऊन सोडा की. तेथे पाणी आहे, किडे आहेत, तो सुखात राहील.

ओली माती

कृपया असे कदापि करू नये. एक तर तो आपल्या थंडीत आणि उन्हाळ्यात टिकणार नाही, आणि टिकला तर ते अधिक वाईट ठरेल. आपलाच बुलफ्रॉग अंदमानात पोहोचला आणि तेथे आता तो स्थानिक जीवांना फस्त करतो आहे.

जुनी प्रयोगशाळा

त्याहून मोठे कारण रोगाचे आहे. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीवरच हल्ला करते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे किमान 501 जातींच्या उभयचरांची संख्या घटली आणि त्यांपैकी 90 जाती नष्ट झाल्याचे मानले जाते. पाळीव प्राण्यांचा व्यापार हा तिच्या प्रसाराचा एक मार्ग आहे आणि वाहक बेडूक वरून धडधाकट दिसू शकतो. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही ठिकाणे 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहेत. तेथे परदेशी बेडूकच काय, त्याच्या पेटीतले पाणीही जाता कामा नये. हात लावण्याच्या चर्चेतही हे लागू होते. बाहेरचा बेडूक किंवा भेक हाताळलेल्या हातांनी दुधीला स्पर्श करू नये, आणि दुधीला धरलेल्या हातांनी बाहेरच्या बेडकाला.

सिरपूरचा शेजारी

हे मला माहीत नव्हते. सूचना मागे घेतो.

लोकमान्य नगर

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. मागचे दोन्ही रविवार सुरळीत गेले. पहिल्या रविवारी मी जमिनीवर मांडी घालून बसले, डबा त्याच्यासमोर धरला आणि मागून बोट लावले. तो डब्यात न जाता डब्याच्या वर चढून बसला. दुसऱ्यांदा लावल्यावर आत गेला. मुलीचे काम झाकण लावण्याचे होते आणि ते तिने श्वास रोखून केले.

मध्ये एक चूक झाली, ती लपवत नाही. मंगळवारी संध्याकाळी मुलीने खेळून आल्यावर हातापायांना डासांचे मलम लावले आणि थोड्या वेळाने विसरून पेटीत हात घालून त्याच्या पाठीवर एक बोट फिरवले. तिने स्वतःच येऊन रडत सांगितले, म्हणून बरे झाले. उघड्या बादलीतले पाणी होतेच. त्याला उथळ डब्यात बसवून वरून पाणी सोडले आणि ते तीनदा बदलले. रात्रभर ओल्या टिश्यूवर ठेवले आणि सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्याने दोन दिवस खाल्ले नाही, तिसऱ्या दिवशी तीन रातकिडे खाल्ले. तेव्हापासून पेटीच्या झाकणावर मुलीने स्वतः एक कागद चिकटवला आहे आणि त्यावर लिहिले आहे की हात ओले नसतील तर उघडू नये. सासूबाईंनी त्याखाली पेन्सिलीने 'आणि शेवेचे' असे वाढवले आहे.

रोज संध्याकाळी तळहातावर घेणे बंद झाले. त्याऐवजी दिवा मालवल्यावर ती समोर स्टूल घेऊन बसते आणि तो कधी जागा होतो, कोणत्या फांदीवर जातो, हे वहीत लिहिते. सासूबाई माळ जपता जपता त्याच खोलीत बसू लागल्या आहेत, म्हणजे चामखिळीचा प्रश्न मिटला असे धरायला हरकत नाही.

आणखी एक विचारायचे होते. काल पाण्याचे भांडे बदलताना माझा ओला हात आत होता आणि तो स्वतः फांदीवरून उतरून माझ्या मनगटावर येऊन बसला. मी हात हलवला नाही. अशा वेळी काय करावे?

ओली माती

काहीही करू नये. हात पेटीच्या आतच, आहे तसा ठेवावा. कंटाळला की तो स्वतः उतरतो. मिनिटभर वाट पाहूनही उतरला नाही तर मनगट फांदीला टेकवावे. शक्य असेल तर महिन्यातून एकदा डब्यासकट त्याचे वजन करून ठेवावे. दाग-दागिने तोलायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. आजारपण हाताला कळण्याच्या आधी काट्याला कळते, आणि त्यासाठी त्याला धरावेही लागत नाही.

शंकासुर

म्हणीत सांगतात की बेडूक तराजूत ठरत नाही. आपला ठरला का?

लोकमान्य नगर

झाकण लावलेले असल्यामुळे ठरला. डबा वगळून 58 ग्रॅम भरला.